मुक्याची तपासणी

सासऱ्यांनी ऑपरेशनला जायला साफ नकार दिला, आणि कारण असं दिलं की ऐकणाऱ्याने कपाळ बडवून घ्यावं. पित्ताशयात खडे झालेले. दुखायला लागलं की गृहस्थ पलंगावर वेटोळं करून पडायचे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तारीख दिली, दोनदा यांनी ती मोडली. तिसरी तारीख उद्याची होती, आणि आणखी टाळाटाळ केलीत तर जिवावर बेतेल, असं बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. यावर हे म्हणतात काय, तर "मुक्याला एकदा हरवतो, मग कुठे न्यायचं तिथे न्या."

मुका म्हणजे टॅब्लेटवरच्या बुद्धिबळातला समोरचा भिडू. सासरे उभी हयात बसमध्ये तिकीट तपासनीस होते. फुकट्या प्रवाशांच्या सबबी ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. हा गडी अवाक्षर न काढता खेळायचा, म्हणून त्याचं नाव मुका. आणि मुका त्यांना रोज हरवायचा. न चुकता, न थकता.

"जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? करा की काहीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि जावयाचं धाबं दणाणलं.

जावयाचं झेरॉक्सचं दुकान. कॉम्प्युटर होता, नाही असं नाही. पण त्यावर तो लोकांचे अर्ज टाइप करायचा आणि कागद अडकला की प्रिंटरला दोन चापट्या द्यायचा. लग्न ठरताना कुणीतरी "मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे" असं ठोकून दिलं, आणि या शहाण्याने ते खोडून काढलं नाही. झालं! तेव्हापासून त्या घरात घड्याळ बंद पडलं तरी बोलावणं यालाच.

"आई," मोबाइलवर एक व्हिडिओ बघून आल्यावर तो म्हणाला, "मुक्याला कमजोर करायचं तर टॅब्लेटच्या आत शिरावं लागेल. त्यासाठी आधी रूट मिळवायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे टॅब्लेट आपल्या घरात असला तरी आपण त्यात भाडेकरू. रूट मिळाला की मालक."

"मग व्हा की मालक," सासूबाई म्हणाल्या. जशी काही किल्ली खुंटीवरच टांगली होती.

जावयाने दुकानातला लॅपटॉप आणला आणि सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, टॅब्लेटची जरा तपासणी करायची आहे." जन्मभर लोकांची तपासणी केलेला माणूस, नाही कसं म्हणणार? पण अट घातली. टॅब्लेट हातातून सुटणार नाही.

मग काय विचारता! सासरे खुर्चीत, टॅब्लेट मांडीवर, त्यातून निघालेली वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉप जावयाच्या कडेवर. सासरे पाणी प्यायला उठले की जावई मागे. बाथरूमला गेले तेव्हा हा दाराबाहेर, वायर फटीतून आत. जावयाची बायको पदर तोंडाला लावून खिदळत होती.

"बाबा, सेटिंगमध्ये शेवटी एक आकडा आहे. त्यावर सात वेळा टिचकी मारा."

सासऱ्यांनी मारली. 'तुम्ही आता डेव्हलपर आहात,' असं टॅब्लेटने जाहीर केलं.

"बघा! नोकरीत शेवटपर्यंत बढती दिली नाही मेल्यांनी," सासरे खूश झाले. पण लगेच पुढचा प्रश्न आला: या कॉम्प्युटरवर तुमचा विश्वास आहे का? त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग तो कडेवर घेऊन उभ्या असलेल्या जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखर चहा संपेपर्यंत विचार केला.

शेवटी 'हो' म्हणाले. आता लॅपटॉपवर लाल अक्षरं आली: टॅब्लेट कायमचा बंद पडू शकतो, जबाबदारी सर्वस्वी तुमची. जावयाचं बोट बटणावरच थांबलं. मुका गेला, तर सासरे दवाखान्याची पायरी जन्मात चढणार नाहीत, आणि मग काय होईल ते डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंच होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. "दाबा," ती म्हणाली.

त्याने दाबलं. पडदा काळा झाला.

"गेला?" सासऱ्यांनी विचारलं.

"येईल."

"कशावरून?"

जावई वायरकडे वळला. वायर सैल बसली होती. ती निसटू नये म्हणून त्याने चिमटीत गच्च धरली आणि तसाच जमिनीवर बसून राहिला. सासऱ्यांनी टॅब्लेट छातीशी धरला. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि सासूबाईंनी हुश्श केलं.

जावई मालक झाला होता! आयुष्यात पहिल्यांदाच कशाचा तरी. त्या आनंदात त्याने मुक्याच्या ताकदीचा आकडा शोधला, खोडला आणि तिथे शून्य टाकलं.

सासरे खेळायला बसले. मुक्याने वजीर फुकट दिला. मग दोन्ही हत्ती. मग राजा एकटाच पटाच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

"मात! बाबा, जिंकलात!" बायको ओरडली. सासूबाई पिशवी भरायला उठल्यासुद्धा.

सासरे हलले नाहीत. त्यांनी आणखी एक डाव मांडला. पुन्हा वजीर फुकट. त्यांनी चष्मा काढला.

"हा आजारी आहे."

"अहो, काहीतरीच काय!" सासूबाई म्हणाल्या.

"गप्प बस. यानं मला कधी साधं प्यादं फुकट दिलं नाही. याला असा टाकून मी पोट फाडून घ्यायला जाऊ?" आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं. याच नजरेपुढे भले भले फुकटे खिसे न तपासताच कबूल व्हायचे.

जावईही कबूल झाला. "मी आत शिरून त्याची ताकद काढली, बाबा."

सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "परत होता तसा करा. नाहीतर मी उद्या येत नाही, आणि कधीच येत नाही."

आली का पंचाईत! जुना आकडा बघून ठेवायचं भान कुणाला होतं? कमी पडायला नको म्हणून जावयाने मावेल तेवढा मोठा आकडा टाकला आणि डोळे मिटून घेतले.

मुक्याने सासऱ्यांचा असा फडशा पाडला की त्यांना घोडा बाहेर काढायलाही सवड मिळाली नाही. "अरे वा!" सासरे मांडीवर थाप मारून हसले. "एवढी चिरफाड होऊन आधीपेक्षा तरतरीत झाला की हो!" मग वायर लावली होती त्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवला. "माझी पिशवी भरली का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर, ढकलगाडीवर आडवे झालेले सासरे एवढेसे दिसत होते. त्यांनी टॅब्लेट जावयाच्या हातात दिला आणि बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याला खाली वाकायला लावलं.

"जावईबापू, काल मधेच तो काळा झाला होता. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, परत येईल म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. आजवर या घरात त्याने तेच केलं होतं.

"नाही, बाबा," जावई म्हणाला. "पण मी वायर सोडली नव्हती."

सासऱ्यांनी त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. त्यांचा हात थंडगार पडला होता.

"मग तुम्ही इथेच बसा," ते म्हणाले.