गारीचा धूर

कमळाकर म्हात्रेला कुणी म्हणालं की हे तुझ्याच्यानं होणार नाही, की झालं. मग ती गोष्ट केल्याशिवाय त्याला भाकर गोड लागायची नाही. खोड म्हणा, गुण म्हणा. अशा माणसाच्या हातात पाना आला की बायकोनं देवाचं नाव घ्यावं, आणि त्या शनिवारी सकाळी सखू ओट्यावर बसून तेच करत होती.

तळवलीत त्याच्या दारापुढं, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात जेवढं अंगण शिल्लक होतं, तेवढ्यात ती डिझेलची लहान गाडी उभी होती. पुढून जॅकवर उचललेली, खाली लाकडी ओंडके, मागच्या चाकांना विटा. आणि गाडीखाली गोणपाटावर उताणा पडलेला कमळाकर, वय वर्षं चौसष्ट, फक्त पाय बाहेर. येणारेजाणारे त्या पायांना विचारत होते, काय म्हात्रे, काय झालं? पाय उत्तर देत नव्हते.

झालं होतं असं, की गाडीचा दम गेला होता. सपाटीला बरी चालायची, पण उड्डाणपूल दिसला की रडायची. दिघ्याच्या हितेश मेकॅनिकनं ती तपासली आणि म्हणाला, काका, इंजिन ठणठणीत आहे. सायलेन्सरच्या अलीकडं हा डबा दिसतो ना, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आम्ही नुसतं कॅट म्हणतो, त्याच्या आत धूर साफ करायची जाळी असते. ती काजळीनं बुजलीय. इंजिनाला श्वास सोडायला जागा नाही. नवा डबा घाला. नव्या डब्याचा भाव ऐकून कमळाकरनं मान डोलावली आणि गाडी तशीच घरी आणली. म्हाताऱ्या गाडीला एवढा दागिना म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता तुम्ही म्हणाल, गेली तर गेली गाडी, माणसं काय गाडीवाचून मरतात? बरोबर आहे. पण या गाडीवर मनू टांगलेली होती.

मनू म्हणजे मनस्वी, त्याच्या तेजसची मुलगी, पहिलीतली. तेजस आणि सून क्षिप्रा ऐरोलीला टॉवरात राहायचे, दोघंही नोकरीवर. दुपारी शाळा सुटली की कमळाकर नातीला गाडीत घालून तळवलीला आणायचा आणि संध्याकाळी तिच्या घरी सोडायचा. मधला वेळ सखूचा. ती पोर दारातून आत आली की त्या घराला घरपण यायचं. सखूच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन मनू आजीच्या मांडीवर डोकं टेकून दिवसभराच्या कागाळ्या सांगायची. बाकी दिवस दोघं नवराबायको करायचे काय, तर एकमेकांची तोंडं बघायचे. शेत होतं तेव्हा कामाला दिवस पुरायचा नाही. शेत गेलं, नोकरी संपली, आणि आता दुपारची वाट बघणं एवढं एकच काम उरलं होतं.

दहाबारा दिवसांपूर्वी गाडी मनूसकट उड्डाणपुलावर बंद पडली. मागं हॉर्नचा गलका. मनूला मोठी मजा वाटली, तिनं घरी जाऊन सगळं रंगवून सांगितलं. मग मागच्या रविवारी तेजस आला आणि नजर चुकवत म्हणाला, "बाबा, पीयूसी संपतेय ना तुमची? गाडी नीट करून ती काढून आणा. नाहीतर सोमवारपासून मनूला सोसायटीतल्या डे-केअरला ठेवतो. पोरीच्या सेफ्टीचा प्रश्न आहे."

कमळाकर फक्त म्हणाला, "गारी नीट व्हईल." आणि सखूनं त्या रात्री जेवण केलं नाही.

तेव्हा गाडीखाली पडलेला माणूस नुसता डबा काढत नव्हता, नात राखत होता. पण गंजलेल्या नटांना त्याचं काय? आदल्या संध्याकाळपासून त्यांच्यावर घासलेट सोडलं होतं, तरी हलायचं नाव नाही. पाना घसरला, बोटाचं साल गेलं, डोळ्यात गंज पडला. शेवटी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप जोडून त्यानं दोन्ही पाय चाकाला लावले आणि जोर केला. एक नट सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याचा बोल्ट मुंडकं टाकून मोडला. कमळाकरनं त्या बोल्टच्या आईबापाचा उद्धार केला, सखूनं कानावर हात ठेवले, आणि तेवढ्यात डबा धाडकन खाली आला. छातीवर पडायचा तो काखेशेजारी पडला.

"काय झाला?" सखू उठून उभी राहिली.

"सुटला," गाडीखालून आवाज आला. त्या आवाजात इतका आनंद होता की सखूलाही हसू फुटलं.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण घात इथंच झाला. कमळाकर पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात हेल्पर होता आणि स्कूटरनं जायचा. त्या जमान्यात स्कूटरचा सायलेन्सर काजळीनं बुजायचाच. मग तो काढायचा, जाळात घालायचा, आतली काजळी जळून गेली की लालबुंद असतानाच वर पाणी ओतायचं. चर्र होऊन उरलीसुरली खपली सुटायची. स्कूटर पुन्हा नवी. या कामात कमळाकरचा हात कुणी धरायचा नाही. अख्ख्या आळीचे सायलेन्सर त्याच्या अंगणात जळायचे, लोक त्याला सायलेन्सरवाला म्हणायचे, आणि हे नाव त्याला पाटीलकीपेक्षा मोठं वाटायचं. हितेशनं काजळी हा शब्द काढला तेव्हाच त्याच्या डोक्यात ते जुनं अंगण पेटलं होतं.

सखू म्हणाली, एकदा हितेशला फोन करून विचारा. तर हा म्हणतो कसा, "सायलेन्सर स्कूटरचा काय नि गारीचा काय. लोखंड त लोखंड."

घमेल्यात करवंट्या आणि नारळाची सोडणं पेटवली. डबा त्यात ठेवला. धूर दोन्ही इमारतींच्या वरच्या मजल्यांवर गेला तशी भाडेकरूंनी खिडक्या लावून घेतल्या. कमळाकर पंख्यानं वारा घालत बसला. चेहरा कसा, तर होमाला बसलेल्या यजमानासारखा. डबा तापला, लाल झाला. आतून काजळीच्या ठिणग्या उडाल्या तेव्हा तो सखूला म्हणाला, बघ, निंगते सगली घान. मग सांडशीनं डबा बाहेर ओढला आणि बादली उचलून भडाभडा पाणी ओतलं.

चर्र झालं. पण त्या चर्रच्या पोटात आणखी एक आवाज आला. टक्. कप फुटल्याचा. दोघांनीही ऐकला.

डबा निवल्यावर त्यानं उचलून हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला. तोंड खाली केलं तर आतून तुकडे पडले, बारीक भोकाभोकांचे, करडे, बिस्किटाच्या चुऱ्यासारखे. कमळाकरनं एक तुकडा बोटांत धरला. त्याला लोखंडाचा स्पर्श ठाऊक होता. हे लोखंड नव्हतं.

तेव्हा मग फोन केला. हितेशनं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "काका, आत चिनीमाती असते. कपबशीसारखी. तापलेल्या कपावर कोणी पाणी ओततं का?"

कोणी ओततं का! अहो, आयुष्यभर हाच माणूस ओतत आला होता, आणि अख्खी आळी त्याला शाबासकी देत आली होती. जे काम देवानं हातात दिलं होतं, त्याच कामानं त्याला उताणं पाडलं. सखूला वाटलं आता हा चिडेल, काहीतरी फेकून मारेल. तो मटकन ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा तिच्याकडं बघायला लागला. ते तिला चिडण्यापेक्षा वाईट वाटलं. तिनं त्याच्या सोललेल्या बोटाला हळद लावली.

पण हार मानील तो कमळाकर कसला. उरलेली जाळी त्यानं सळईनं कोचून काढली आणि रिकामा डबा परत बसवला. मोडक्या बोल्टच्या जागी तारेनं आवळला. चावी फिरवली. गाडी अशी गरजली की समोरच्या इमारतीतलं तान्हं मूल रडायला लागलं. पण पळाली! उड्डाणपूल चढली ती चवथ्या गिअरमध्ये. पुलावर कमळाकर एकटाच मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, जमलं. सोमवारी शाळेच्या फाटकापाशी आपण उभे, आणि मनू दप्तर उडवत येतेय, हे त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तेवढा एक पूलभर माणूस सुखात होता.

पीयूसीवाल्यानं नळी लावली, गाडी रेझ करायला सांगितली, आणि दोन पावलं मागं सरून रुमाल नाकाला लावला. मशीनवरचा आकडा त्यानं कमळाकरला दाखवला. परत मोजू म्हणाला, परत मोजला. मग नळी गुंडाळत म्हणाला, "नाही होणार काका. आत काहीच नाहीये हिच्या."

रविवारी दुपारी तिघं आली. क्षिप्रा साताऱ्याकडची, नोकरदार घरातली, स्वभावानं वाईट मुळीच नाही. आली की सासूच्या हातातलं काम काढून घ्यायची. आताही ती आत भांडी विसळायला गेली आणि मनू तिच्या मागं. कमळाकरनं तेजसला ओट्यावर बसवून सगळं खरं सांगितलं, चिनीमातीसकट. मग रात्रभर मनाशी घोकलेलं बोलून टाकलं, की गारी गेली तर जाऊंदे, मी रिक्षानं आनीन तिला. रिक्षा नाय मिलाली तर बसनं. माजा तरी काय काम हाय दिवसभर.

तेजस चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला.

"बाबा, डे-केअरला अॅडमिशन मागच्याच महिन्यात घेतलीय."

कमळाकरला आधी समजलंच नाही. मागच्या महिन्यात तर गाडी पुलावर बंदही पडली नव्हती.

"मंग गारीचा कनाला बोललास?"

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना." तेजसचा आवाज खाली गेला. "टीचरनी वर्गात विचारलं, घरी कशी जातेस. मनू म्हणाली, आजोबांच्या गारीनं. सगळी पोरं हसली. आता तिला वर्गात गारीच म्हणतात. ती घरी सांगत नाही, आम्हाला टीचरनी बोलावून सांगितलं. लहान आहे हो ती. दिवसभर जे ऐकते तेच बोलते."

म्हणजे धूर गाडीचा नव्हताच. धूर या दोघा म्हाताऱ्यांच्या तोंडचा होता, आणि तो साफ करणारी जाळी कुठल्या गॅरेजात मिळत नाही. कमळाकर मुलाकडं बघत राहिला. हा तेजस याच अंगणात, दहावीपर्यंत, गारी गारी करत हिंडला होता. त्याच्या तोंडातल्या र चा ड कधी झाला हे बापाला कळलंसुद्धा नव्हतं. कळलं असतं तर त्यानं तेव्हा पेढेच वाटले असते, पोरगा शिकला म्हणून.

सखू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पदर तोंडाशी धरून ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही.

"मी नीट बोलेन," कमळाकर म्हणाला. एकेक शब्द जपून, पोलीस चौकीत बोलावं तसा. "तिच्यापुढं गाडीच म्हणेन. तुझी आई पण म्हणेल. आम्ही शिकू."

तेजसचे डोळे भरून आले. असं बापानं पुढ्यात हात पसरावेत, हे कुठल्या मुलाला बघवतं? पण तो हो म्हणाला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही बदलायची काही गरज नाहीये." एवढ्या गोड शब्दांत नाही म्हणायला तो टॉवरातच शिकला असावा. मग रविवारी रविवारी आणत जाऊ, असं दोनदा म्हणाला, आणि उठला.

निघताना मनू नेहमीसारखी धावत आजोबांपाशी आली. एरवी हा तिला उचलून म्हणायचा, चल गो बाय, गारीन बस, आणि ती खिदळायची. आज सून शेजारी होती, मुलगा होता. कमळाकरनं घसा साफ केला. ताठ उभा राहिला.

"मनस्वी," तो म्हणाला, "गाडीत नीट बस. आई सांगेल तसं वाग. शाळेचा अभ्यास कर."

एक शब्द चुकला नाही. ड च्या जागी ड, ळ च्या जागी ळ.

मनूचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं आजोबांकडं पाहिलं, मग हळूहळू मागं सरत आईचा कुडता धरला, आणि तिला वाटलं कुणाला ऐकू जात नाही अशा बारीक आवाजात विचारलं, "मम्मी, आजोबा माझ्यावर रागावलेत?"

क्षिप्रा म्हणाली, नाही गं. तेजसनं गाडीचं दार उघडलं. कमळाकरच्या अगदी ओठांवर आलं होतं, नाय गो बाय, तुज्यावर कनाला रागवीन. पण ते आता कुठल्या बोलीत म्हणायचं, हे त्याला उमजेना. तो नुसता हात हलवत राहिला, आणि मनूनं काचेतून हात हलवला नाही.