तिसरी खोली

"आनखी एक पोतं? अवो साहेब, एवढं मीठ तं गावाले दोन वर्सं पुरलं असतं!" खड्ड्याच्या काठावर उभी राहून जनकाबाई म्हणाली.

आरोग्य निरीक्षक वामनराव हसले. गड्यानं चौथं पोतं खड्ड्यात रिकामं केलं आणि बैलगाडीवरच्या टाकीतलं पाणी वरून सोडलं. वामनरावांनी उताराच्या खाली बोट केलं. तिथं गावची विहीर होती आणि विहिरीला लागून जनकाबाईचा मेथी-वांग्यांचा मळा.

"इथं तुमच्या गावच्या भगवानरावांचं कापसाचं जिनिंग होणार, कामगारांसाठी चाळीस खोल्यांची चाळ होणार. संडासाचे खड्डे याच जागी. हे मीठ झिरपून विहिरीत उतरलं, तर उद्या घाणही उतरेल. नाही उतरलं, तर मी शिफारस करतो."

मग त्यांनी काडीनं एक चिंधी पेटवली. धूर सरळ वर गेला, क्षणभर थबकला आणि शाळेकडं कलला. "कापसाचा फुफाटा असाच जाईल," ते म्हणाले. "पण हवेचं जमेल, शेड पलीकडं सरकवता येईल. पाण्याचं तसं नाही."

जिल्हा परिषद तेव्हा नवीकोरी होती आणि वामनरावांकडं तीस गावं होती. त्यांना रोज येणं शक्य नव्हतं. जनकाबाईची जीभ मात्र गावात प्रसिद्ध होती. डोळे मिटून घोट घेतला की पाणी कोणत्या विहिरीचं ते ती सांगायची. म्हणून त्यांनी तिच्याकडं आठ बाटल्या दिल्या. रोज सकाळी पाणी चाखायचं, एक बाटली भरायची, आकड्याची चिठ्ठी बांधायची. आठव्या दिवशी ते येऊन बाटल्या तपासणीला नेणार होते.

"तुम्ही सांगाल तेच मी धरीन, जनकाबाई. प्रयोगशाळेचा कागद नंतर येईल."

वामनराव गेले. जनकाबाई तिथंच रेंगाळली. चाळीच्या जागेवर चुन्याची फक्की मारली होती, पांढऱ्या रेघांच्या चाळीस खोल्या. पूर्वेकडून तिसरी चांगुणाची. जनकाबाईची ही एकुलती लेक अकोल्याला होती, तिचा नवरा तुळशीराम तिथल्या जिनात फिटर. भगवानरावांनी स्वतः मळ्यात येऊन सांगितलं होतं, "जवाईबापूले बोलाव. पह्यली नोकरी त्याची, खोली तू पसंत कर."

तिनं तिसरी पसंत केली होती. तिथून मळा दिसायचा. बारशानंतर नातीचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं.

रोज दुपारी भाकरी खाऊन ती उतार चढायची. रेघेत जिथं दार ठेवलं होतं तिथूनच आत जायची, भिंतीवरून पाय टाकायची नाही. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात मडकी. मधल्या जागेत पदर डोक्यावर घेऊन ती बसायची. ऊन पातळ पिवळं व्हायचं, शेवरीची म्हातारी हवेत तरंगत यायची आणि नसलेल्या खिडकीतून निघून जायची. कुणीतरी दुडदुडत पाठीशी येऊन गळ्यात पडतंय असं वाटायचं. ती मागं वळून पाहायची नाही.

पाच दिवस पाणी होतं तसं होतं. सहाव्या सकाळी तिनं घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. जिभेच्या कडेला, अगदी पुसट, घामाच्या थेंबाएवढी खारट चव होती.

"काय झालं वं?" शेजारी पाणी भरणाऱ्या विमलबाईनं विचारलं. तिनं नुकताच घोट घेतला होता. तिला काहीच कळलं नव्हतं.

"काही नाई," जनकाबाई म्हणाली.

त्या दिवशी तिनं बाटली भरली नाही. दुपारी ती तिसऱ्या खोलीत गेली, पण चूल दिसेना. सातव्या सकाळी पदराखाली कालची आणि आजची अशा दोन्ही बाटल्या घेऊन ती भगवानरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली. ती विहीर वरच्या अंगाला होती, पाणी गोड. दोन्ही बाटल्या भरल्या, बुचं लावली. कुणी पाहिलं नाही.

परत येताना वाटेत गावविहीर लागली. तिला पटकीचं साल आठवलं. तेव्हा याच गावविहिरीचं पाणी तिनं स्वतः नवऱ्याला पाजलं होतं, आपल्या जिभेवर भरवसा ठेवून. पाणी नेहमीसारखंच लागलं होतं. दोन दिवसांत तो गेला, गल्लीतले सात गेले. त्या साली जीभ गप्प राहिली. या साली ती आधीच सांगत होती, आणि आपण तिचं तोंड दाबायला निघालो होतो.

तिनं दोन्ही बाटल्या वांग्यांच्या आळ्यात ओतल्या आणि गावविहिरीत पोहरा सोडला.

आठव्या दिवशी तिनं वामनरावांना सगळं सांगितलं, वरच्या विहिरीचंसुद्धा. "साव्या रोजी बाटली भरली नाई. चव साव्यालेच आलती. मले खोली पाह्यजे होती, साहेब."

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "तुमचं नाव अहवालात घालत नाही. गाव बोलेल."

"घाला. चाखलं म्याच."

जागा नामंजूर झाली. भगवानरावांनी जिनिंग दुसऱ्या तालुक्यात नेलं. गाव बोललं. विमलबाई महिनाभर तिच्या शेजारी पोहरा टाकेना.

मग एका सकाळी जनकाबाईनं मेथीच्या जुड्या पिशवीत भरल्या आणि मोताळ्याहून यष्टी धरली. अकोल्याच्या गल्लीतल्या चांगुणाच्या खोलीत भरदिवसा कंदिलाएवढाच उजेड होता. तुळशीराम पाळीवर गेलेला. नात भिंतीकडं तोंड करून झोपली होती, केसांत कापसाचे तंतू.

"माय, खोली झाली का?" चांगुणानं हातातली पिशवी घेत विचारलं.

"नाई झाली. म्याच नाई म्हनलं."

तिनं मीठ, चव, सगळं सांगितलं. चांगुणा ऐकत राहिली. बाहेर नळावर भांडणं चालली होती.

"मले कायले सांगतलं वं?" ती शेवटी म्हणाली. "खोलीचं आपोआप राह्यलं म्हनली असती तं?"

चांगुणानं मेथी जमिनीवर पसरली आणि निवडायला घेतली. जनकाबाईही निवडू लागली. पानं एकीकडं, देठ एकीकडं.

जुडी संपली. जनकाबाई अवघडून उंबऱ्याशी बसली होती. चांगुणानं झोपलेल्या लेकीला अलगद आपल्याकडं ओढलं, स्वतःचे पाय आखडून घेतले आणि सतरंजीवर झाली तेवढी जागा तळहातानं झटकली.

"असी आत ये, माय," ती म्हणाली.