जोडीदारांत दुमत झाल्यास

शून्य – शून्य – दोन

पिकलबॉलमध्ये सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे असतात. आधी आपले गुण, मग समोरच्यांचे, मग आपल्या जोडीतला कितवा माणूस सर्व्हिस करतोय ते. गुण सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच मिळतो. सामन्याची पहिलीच सर्व्हिस करणारा मात्र स्वतःला 'दोन' म्हणवतो. सिरसाळ्यात हे कुणालाच पटलेलं नाही, पण म्हणतात सगळे.

ह्यांनी म्हटलं. आवाज फ्लेक्सपर्यंत जावा असा. फ्लेक्सवर हेच होते, हात जोडून. 'मा. विजयसिंहदादा यांच्या वाढदिवसानिमित्त भव्य पिकलबॉल स्पर्धा, मिश्र दुहेरी.' खाली कोपऱ्यात बॅटचं चित्र होतं, ते टेबल टेनिसच्या बॅटचं.

मी त्यांची बायको आणि जोडीदार, विजयमाला. ह्यांच्या नावाला जुळतं म्हणून हे नाव लग्नात ठेवलं. त्याआधी मी अंबाजोगाईची संगीता होते आणि विद्यापीठाच्या संघातून बॉल बॅडमिंटन खेळत होते.

समोर सोफ्यावर भगवानराव बसले होते. जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात. अंतिम सामना बघायला ते खास आले होते, आणि ह्यांना त्यांच्यासमोर कप उचलायचा होता. सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

मला ह्यांना हरवायचं होतं. ह्यांच्याच बाजूला उभं राहून.

तीन – शून्य – दोन

समोर अंबाजोगाईच्या दातांच्या डॉक्टर योगिता आणि केजच्या शाळेतले बिभीषण सर. दोघांची ओळख इथलीच. वर्षभरापूर्वी हे कोर्ट झालं आणि चाळीस किलोमीटरवरची माणसं पहाटे गाड्या काढून यायला लागली. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची कंबर. निळ्या कोर्टावर भोकाभोकांचा पिवळा प्लास्टिकचा बॉल टॉक-टॉक वाजायचा आणि साठीची माणसं एकमेकांवर सातवीतल्या पोरांसारखी रुसायची. एका निवृत्त तहसीलदारांनी दुसऱ्या निवृत्त तहसीलदारांशी बोलणं टाकलं होतं, कारण बॉल. कोण आधी खेळणार यासाठी बॅटी कुंपणाला ओळीने अडकवायच्या. ह्यांची बॅट ओळीत कुठेही अडकवली तरी पाचच मिनिटांत पहिली व्हायची. कोण सरकवायचं, कुणी पाहिलं नाही.

जाळीजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नसतो. यावर सिरसाळ्याच्या पुरुषांनी वर्षभर जेवढे विनोद केले तेवढे मी ऐकून घेतले.

कोर्ट गायरानात आहे. आधी तिथे आश्रुबाची मेंढरं बसायची. आता आश्रुबा कंपाउंडच्या भिंतीवर बसतो, मेंढरं भिंतीमागे. रोज बसतो, काही बोलत नाही. मागची रेघ त्याच्या बरोबर पायाखाली येते. बॉल कुठे पडला हे सगळ्यात चांगलं त्यालाच दिसतं.

फलकावरून, नियम सात

'आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगावे. खरे सांगावे. समोरच्यांनी हुज्जत घालू नये. जोडीदारांत दुमत झाल्यास बॉल आत धरावा.'

नियम मराठीत बिभीषण सरांनी आणले. पत्र्याचा फलक ह्यांनी बसवला. वरच्या अर्ध्या भागात ह्यांचा फोटो आहे, म्हणून नियम बारीक अक्षरात आले. वाचायला जवळ जावं लागतं. मी गेले. शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या घरात माझ्या 'नाही'ला कधी किंमत आली नव्हती, त्या घरातल्या माणसाने स्वतःच्या पैशाने असा नियम रंगवून घेतला होता की माझ्या एका शब्दाने त्याचा शब्द रद्द व्हावा.

ह्यांनी तो वाचला नव्हता. ह्यांना एकच शब्द लागायचा.

ह्यांचा शब्द

भायर.

रेघेवर पडला, भायर. रेघेच्या आत चार बोटं, भायर. प्लास्टिक सर्जन पाहुणे आले होते, त्यांचा बॉल ह्यांच्या दोन बुटांच्या मधे पडला. भायर. बूटच भायर होते, असं नंतर कुणीतरी समजावलं. एकदा हे फोनवर बोलत होते, बॉल पाहिलाही नव्हता.

समोरचे मान हलवायचे. बसलेले म्हणायचे, हो दादा, भायरच. वर्षभरात एकानेही आत म्हटलं नाही. काही दिवसांनी तर लोक ह्यांनी म्हणायच्या आधीच भायर म्हणायला लागले.

सहा – दोन – एक

आम्ही पुढे होतो. तोवर ह्यांनी दोन चांगले बॉल भायर म्हटले होते. मी गप्प बसले. उंचावरून पडायला आधी चढू द्यावं लागतं.

इथे मधेच सांगते, कारण माझ्या डोक्यात हे तिथेच आलं. ह्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि भगवानरावांकडे बघून हसले, त्या हसण्यापाशी.

दोन महिन्यांपूर्वी उमेदवारीच्या अर्जासाठी जमिनीचे कागद हवे होते. हे म्हणाले, कपाटातली निळी फाइल काढ. निळ्या दोन होत्या. दुसरीत एक रजिस्टर पाकीट होतं, ब्लेडने सरळ कापलेलं. वर माझं माहेरचं नाव. आत तलाठी भरतीचं पत्र, खेळाडूंच्या राखीव जागेसाठी निवड, कागदपत्रांच्या पडताळणीला अमुक तारखेला हजर राहावे. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

लग्नाआधी मी ती परीक्षा दिली होती, पत्ता मात्र लग्न ठरल्यावर इथला कळवला होता. लग्नानंतर मी रोज विचारायचे, काही आलं का. हे रोज म्हणायचे, न्हाई. मग एक दिवस जवळ बसून, डोक्यावरून हात फिरवून म्हणाले होते, यादी लागली, थोडक्यात भायर राहिलीस. मी रडले. ह्यांनी पाणी आणून दिलं. त्या पाण्यामुळे मी अकरा वर्षं ह्यांना चांगला माणूस समजत होते.

पत्र मी होतं तिथे ठेवलं. जमिनीचे कागद नेऊन दिले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, अहो, वाढदिवसाच्या स्पर्धेत तुमच्याबरोबर मी खेळू का?

ह्यांना फार आनंद झाला.

दोन – सहा – एक

सर्व्हिस डॉक्टर योगितांची. चार-पाच फटके झाले. सरांचा बॉल ह्यांच्या उजव्या हाताला, रेघेच्या आत वीतभर पडला.

"भायर," हे म्हणाले आणि बॉल उचलायला वाकले.

"आत," मी म्हणाले.

भिंतीमागे मेंढरं ओरडत होती. हे वाकलेलेच होते. बिभीषण सर फारच हळू, माफी मागितल्यासारखं म्हणाले की नियमाप्रमाणे दुमत झालं तर बॉल आत. सोफ्यावरून भगवानरावांनी नक्की काय झालं ते विचारलं. कुणीतरी समजावून सांगितलं. भगवानरावांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.

ह्यांनाही वाजवाव्या लागल्या. बॅट काखेत धरून.

"आमची मंडळी लई इमानदार हायेत," हे म्हणाले. लोक हसले. माझ्या शेजारून जाताना दात न उघडता म्हणाले, "डोळं गेलं का तुझं?"

मी म्हणाले, सर्व्हिस येतेय, पुढे बघा.

चार – सहा – दोन

भायर. आत.

पाच – सहा – दोन

भायर. आत.

प्रत्येक वेळी मी खरंच बोलत होते. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे ते तसं राहत नाही. आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाढत होत्या. ह्यांना मला थांबवता येत नव्हतं. थांबवलं असतं तर सोफ्यावरच्या माणसासमोर बायकोला खोटं बोलायला लावल्यासारखं दिसलं असतं. ते ह्यांना माझ्याआधी कळलं. राजकारणातली माणसं अशा गोष्टींत हुशार असतात.

सात – आठ – एक

मग ह्यांनी दुसरा रस्ता काढला. बॉल पडूच द्यायचा नाही. पडला तर मी बोलणार, म्हणून जमिनीला लागायच्या आत मारायचा. हे माझ्या अर्ध्या कोर्टातसुद्धा धावायला लागले. सरळ बाहेर जाणारे बॉलही हे झेपावून परत आत आणून द्यायचे आणि समोरून डॉक्टर योगिता ते शांतपणे मोकळ्या जागेत ठेवायच्या, दातात चांदी भरतात तसे. एकदा हे किचनमध्ये घुसून मारून बसले आणि चूक धरली गेली. एकदा माझ्या पायात पाय अडकून पडले. गुडघ्याचा पट्टा घोट्यावर आला. मी हात दिला नाही. माझ्या हातात बॅट होती.

पडले तेव्हा पहिल्यांदा भिंतीवर आश्रुबा हसला. मी वर्षभरात त्याचे दात पाहिले नव्हते.

कोपऱ्यात ह्यांचे दोन कार्यकर्ते आपसात बोलत होते. एक म्हणाला, "वैनी घरी बी असंच करतेत का बे?" दुसरा म्हणाला, घरी काही करत नसतील, म्हणूनच इथे करतायत.

नऊ – नऊ – एक

ह्यांची सर्व्हिस जाळीत.

नऊ – नऊ – दोन

माझी सर्व्हिस. ती मी नीट केली. ह्यांना वाटू नये की मी खेळत नाहीये. पुढचा फटका ह्यांनी आभाळात मारला.

दहा – नऊ – दोन

आकडे सरांनी म्हटले. त्यांचे दहा, आमचे नऊ. एक गुण आणि सामना त्यांचा. चुकले तर सर्व्हिस आमच्याकडे.

मी काय ठरवलं होतं ते खरं सांगते. मी ठरवलं होतं की खरं तेच बोलायचं आणि ह्यांना ह्यांच्याच खोट्याखाली बुडवायचं. शेवटपर्यंत हात स्वच्छ ठेवायचे. मला ते फार आवडलं होतं.

लांब चालला तो गुण. वीस-बावीस फटके झाले असतील. मग डॉक्टर योगितांनी उंच, खोल बॉल टाकला. हे मागे धावले. बॅट वर केली आणि बॉल कुठे चाललाय ते बघून खाली घेतली. खरंच लांब जात होता. रेघेच्या पलीकडे हातभर पडला. हातभर. उडून भिंतीला लागला.

ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. दिवसभरात, कदाचित वर्षभरात, पहिल्यांदाच हे खरं बोलणार होते.

"भायर," हे म्हणाले. हळू. ओरडायची गरजच नव्हती.

आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विश्वास होता. मी खरं बोलते यावर ह्यांचा पूर्ण विश्वास होता. यावरच तर हे अकरा वर्षं जगले.

"आत," मी म्हणाले.

डॉक्टर योगितांनी सरांकडे बघितलं. सर जाळीपाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, लांब गेला वाटतंय हो. आम्हाला नको असा गुण."

मी म्हटलं, सर, आमच्या बाजूचा बॉल आहे. नियम तुम्हीच लिहिलाय. हुज्जत घालू नये.

सर मागे सरकले. हे सरकले नाहीत. ह्यांनी बॅटने रेघ दाखवली, भिंत दाखवली आणि मग लोकांकडे वळले. वर्षभर जे लोक ह्यांनी म्हणायच्या आधी भायर म्हणत होते त्यांच्याकडे. सांगा की बे, म्हणाले. कुणी पायाकडे बघितलं, कुणी फ्लेक्सकडे. तेव्हा भगवानरावांनी भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, तो वर बसलाय त्याला विचारा, त्याला सरळ दिसतंय.

आश्रुबाने आधी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांच्याकडे बघितलं, सावकाश, आणि मग आपल्या पायाखालच्या निळ्या रंगाकडे, जिथे कधीकाळी त्याची मेंढरं बसत होती.

"आत व्हता की," तो म्हणाला. "रेघेला लागून."

मग एकेकाला दिसायला लागलं. हो दादा, आतच. मी बी पाहिला. रेघेला लागून. सोफ्यामागून, कुंपणामागून, चहाच्या टेबलापासून, जिथून रेघ दिसतसुद्धा नाही तिथूनही. निवृत्त तहसीलदारांनी दुसऱ्या निवृत्त तहसीलदारांना म्हटलं, आत होता ना हो, आणि ते म्हणाले, हो, आत होता.

बक्षीस

कप डॉक्टर योगितांनी घेतला, खाली बघत. भगवानरावांनी माइकवर माझं कौतुक केलं. नवऱ्याच्या विरोधात खरं बोलायला छाती लागते, असं काहीतरी. मग ह्यांच्या खांद्यावर हात टाकून, माइक बाजूला न घेता, हसत म्हणाले, "दादा, घरातलं एक माणूस तुमच्या बाजूनं न्हाई. तालुका कसा आणणार?"

सगळे हसले. हेही हसले. सगळ्यांच्या नंतर थांबले.

केक कापला. मला भरवला. फोटोत मी नीट आले आहे.

आकडा नाही

गाडीत बसल्यावर ह्यांनी किल्ली लावली नाही. काचेवर वीटभट्ट्यांची राख बसली होती.

"बॉल भायर व्हता," हे म्हणाले.

"होता."

मग हे माझ्याकडे वळले. राग नव्हता, तो नंतर येणार होता. खरोखर कळत नव्हतं ह्यांना.

"मग कावून केलंस?"

वाक्य माझ्याकडे तयार होतं. दोन महिने मी ते भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना घासून ठेवलं होतं. तारखेसकट. ते मी बोलले नाही. बोलले असते तर हे पाच मिनिटांत माफी मागून मोकळे झाले असते, पाणीसुद्धा आणून दिलं असतं.

गाडी फाट्यापर्यंत गेली तेव्हा ह्यांनी परत विचारलं. मग दारात, बूट काढताना. जेवायला बसल्यावर विचारतील, उद्या दाढी करताना विचारतील, तिकीट दुसऱ्याला गेलं की त्या दिवशी नक्की विचारतील.

विचारू देत. मी रोज सांगणार आहे, काही नाही हो, मला आत दिसला.