पालथा चमचा

चौतीस वर्षं मी कॅफे लिंडनाउमध्ये मुख्य वेटर होतो. व्हिएन्नात मुख्य वेटर म्हणजे कोण, हे ज्याला सांगावं लागतं त्याने कॉफी घरीच प्यावी. गिऱ्हाईक आत आलं की त्याचा कोट, त्याचं टेबल, त्याचं टपाल, त्याचं वर्तमानपत्र आणि सकाळी बायकोशी झालेलं त्याचं भांडण, सगळं माझ्याकडे जमा. मला सगळे ओटोकार म्हणतात. आडनाव कुणी विचारत नाही.

ही गोष्ट १९५५ च्या मे महिन्यातली. दहा वर्षं चार देशांच्या फौजा आमच्या उरावर बसल्या होत्या, रशियन, अमेरिकन, इंग्रज आणि फ्रेंच. आता कुठे जमत आलं होतं. आम्ही कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही, कुणाचा तळ आमच्या जमिनीवर ठेवणार नाही, असा शब्द आमच्या लोकांनी मॉस्कोला जाऊन दिला होता. त्यावर चारही फौजा निघून जाणार होत्या आणि रशियात उरलेले आमचे युद्धकैदी घरी येणार होते.

देशाला स्वातंत्र्य हवं होतं. खरं सांगतो, मला फक्त माझा एगोन हवा होता. उरल पर्वतापलीकडच्या छावणीत माझा मुलगा अकरावं वर्ष काढत होता. करार मोडला असता तर तो तिथेच राहिला असता.

त्या तटस्थतेच्या शब्दाला कागदावर बसवणारा माणूस रोज माझ्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. होफराट विहार्ट. होफराट ही सरकारी मानाची पदवी, पण या गृहस्थाला ती शोभायची. त्या दिवशी सकाळी ते आले ते कोट न काढताच बसले.

"ओटोकार, आजची शेवटची कॉफी."

"डॉक्टरांनी बंद केली वाटतं?"

"प्रायस्लरने."

प्रायस्लर हा एका वर्तमानपत्राचा संपादक. तोही रोज आमच्याकडे यायचा आणि चहा प्यायचा. कॅफेत येऊन चहा पिणाऱ्या माणसाचा मला कधीच भरवसा वाटला नाही.

होफराटसाहेबांनी खिशातून एक फोटो काढला. त्यात ते स्वतः एका अमेरिकन जनरलसमोर संगमरवरी टेबलाशी बसले होते, मधे नकाशा, बाजूला कॉफीचे ट्रे. प्रायस्लर उद्या तो छापणार होता. फोटोखालचा मजकूर असा, की मार्च महिन्यात कॅफे लिंडनाउमध्ये होफराट विहार्ट यांनी अमेरिकनांना गुपचूप तळ कबूल केले.

"या जनरलला मी जन्मात भेटलेलो नाही," ते म्हणाले. "पण एक प्रत रशियनांकडे पोचलीय. कर्नल ल्याखोव्हने दुपारी चारला बोलावलंय. काय सांगू त्याला?"

"खरं ते सांगा."

"खोटारडेही तेच सांगतात, ओटोकार."

गल्ल्यावरच्या हेर्मिनेबाई तोवर फोटोत डोकावल्या होत्या. "अगंबाई, साहेब, यात तुम्ही केवढे तरुण दिसताय!"

"डोकं माझंच असेल, जुन्या फोटोतलं. धड कुणाचं ते देव जाणे."

मी फोटो खिडकीशी नेला. टेबल आमच्यासारखं होतं. खुर्ची आमच्यासारखी होती. मग मला ट्रे दिसला आणि कानशिलं तापली.

"साहेब, हे लिंडनाउ नाही. हे व्हिएन्नाच नाही! चमचा बघा. बशीत पडलाय."

आमच्याकडे कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो आणि चमचा त्या पेल्यावर आडवा, पालथा ठेवलेला असतो. असं का, ते मला विचारू नका. मला कुणी सांगितलं नाही, नुसतं हातावर मारून शिकवलं. एगोनलाही मी तसंच शिकवलं. लढाईवर जाण्याआधी तो माझ्याच हाताखाली दोन वर्षं ट्रे उचलत होता.

पावणेचारला आम्ही दोघं निघालो. होफराटसाहेबांच्या हातात टोपी, माझ्या हातात कॉफीचा ट्रे. कर्नलच्या कचेरीच्या दारापाशीच ती प्रसिद्ध जीप उभी होती, चार देशांचे चार शिपाई एकत्र गस्त घालायचे ती.

"म्हातारबा, कॉफी कुणाला?" अमेरिकनाने विचारलं.

"ऑस्ट्रियाला," मी म्हणालो आणि आत गेलो.

कर्नल ल्याखोव्ह दहा वर्षांत आमच्यासारखंच जर्मन बोलायला लागला होता. "मला वाटलं, वकील आणाल."

"आणलाय," होफराटसाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी सगळं सांगितलं. कर्नलने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या ट्रेकडे. "एका चमच्यासाठी मी मॉस्कोला तार करू? सकाळी तुम्ही दोघांनी बसून हे रचलं असेल."

माझं डोकं फिरलं. "कर्नलसाहेब, दहा वर्षं इथली कॉफी पिताय. एकदा तरी चमचा बशीत आलाय? आठवत नसेल तर आम्हाला विचारूच नका. शहराला विचारा!"

कर्नल उठला. मग खिडकी उघडून त्याने जीपवाल्यांना हाक मारली. पाच कॅफे, तुम्हाला वाटतील ते, चारही फौजांच्या भागांतले. कॉफी मागवा, चमचा कुठे येतो ते पाहा आणि परत या.

दीड तास लागला. त्या दीड तासात मी व्हिएन्नातल्या सगळ्या वेटरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्टेशनाजवळचा तो ऐदी, पुलापलीकडचा तो बेवडा. एकाने जरी आज हलगर्जी केली असती तर माझा एगोन बर्फातच राहिला असता. होफराटसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चौघे आले. इंग्रजाने वहीतून वाचलं, "पहिल्या ठिकाणी पेल्यावर, पालथा." फ्रेंच म्हणाला, दुसरीकडेही तेच, आणि केक फार छान होता. तिसरीकडे पेल्यावर. चौथीकडे पेल्यावर.

"पाचवीकडे?" कर्नलने आपल्या रशियन शिपायाला विचारलं.

तो पोरसवदा शिपाई कानापर्यंत लाल झाला. "तिथे मी गंमत म्हणून चमचा उचलून बशीत ठेवला, साहेब. म्हाताऱ्या वेटरने तो परत पेल्यावर ठेवला. मी पुन्हा बशीत ठेवला. तर तो म्हणाला, कॉफी पिणार असशील तर नीट पी, नाहीतर चालता हो."

"तू बंदूक घेऊन बसला होतास ना?"

"हो साहेब. तरी."

कर्नल ल्याखोव्ह इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग त्याने माझ्या ट्रेवरची गार कॉफी उचलली, एका दमात संपवली आणि चमचा परत पेल्यावर ठेवला. पालथा. "प्रायस्लरला सांगा, खुशाल छाप. शेजारी आम्ही या पाच कॅफेंची हकिकत छापू." त्याने तार लिहायला घेतली आणि माझ्या जिवात जीव आला.

फोटो छापला गेला नाही. तो कुणाच्या सांगण्यावरून बनवला होता, हे कधीच कळलं नाही. प्रायस्लर पुन्हा आमच्याकडे चहाला आला नाही.

पंधरा मेला करारावर सह्या झाल्या. राजवाड्याच्या बागेत माणसांचा पूर लोटला, घंटा वाजत होत्या, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. हेर्मिनेबाई गल्ला सोडून रस्त्यावर नाचल्या. मीही नाचलो, हातात ट्रे तसाच. ऑक्टोबरात शेवटचा परका सैनिक गेला आणि दुसऱ्याच दिवशी तटस्थतेचा कायदा झाला. त्यातली वाक्यं मी माझ्या टेबलावर लिहिली जाताना पाहिली आहेत, हे मी आजही ज्याला त्याला ऐकवतो.

पण माझ्यासाठी ऑस्ट्रिया जूनमध्येच स्वतंत्र झाला. कैद्यांची गाडी आली त्या दिवशी फलाटावर मी एगोनला ओळखलंच नाही. केस पांढरे, गालांची हाडं वर आलेली. तो बोलेना. बायको रडत होती, मला काही सुचेना, म्हणून त्याला थेट लिंडनाउमध्ये आणलं आणि होफराटसाहेबांच्या टेबलावर बसवलं.

कॉफी मी स्वतः नेली. हात इतके कापत होते की ट्रेवरचं पाणी हिंदकळलं, चमचा घसरला आणि खणकन बशीत पडला. मुख्य वेटर झाल्यापासून पहिल्यांदा.

एगोनने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो उचलून त्याने सावकाश पेल्यावर ठेवला. आडवा, पालथा.

"बाबा," तो म्हणाला, "मी नव्हतो तर इथे सगळा सावळागोंधळ झालेला दिसतोय."

आणि मी, कॅफे लिंडनाउचा मुख्य वेटर, भर दुपारी, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, खुर्ची ओढून आपल्या मुलाशेजारी बसलो.