व्हर्लिन टोस्ट्रूडची बर्फाची गोधडी

एल्व्हडालमध्ये कोणाचा नळ गळायला लागला की तो माणूस आधी व्हर्लिन टोस्ट्रूडला विचारायचा आणि मग प्लंबरला बोलवायचा. यातला दुसरा भाग व्हर्लिनला कोणी कधी सांगितला नव्हता. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला माणसं असल्या गोष्टी सांगत नाहीत. तुम्ही एखाद्याला दार उलटं बसवायचा सल्ला दिलात, तरी तो टोपी मागे सरकवून, लांब कुठेतरी बघत म्हणेल, “असंही करता येतं म्हणा.” आणि तुमच्या कपात कॉफी ओतेल.

व्हर्लिनला हे वाक्य शाबासकी वाटे. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या खोक्यांमागे मांडलेल्या कॉफीच्या टेबलाशी बसायचा. त्याची खुर्ची ठरलेली होती. पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे. म्हणजे हातात मोडका नळ घेऊन कोणी आत शिरलं, तर ते दुकानदाराच्या आधी व्हर्लिनला दिसावं. दार करकरतंय? बेकनची चरबी लाव. गाडीच्या काचेवर धुकं धरतंय? अर्धा बटाटा घास. गॅरेजमध्ये उंदीर झालेत? कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात त्या सुवासिक चिंध्या कोपऱ्यात पसर. व्हर्लिनच्या सल्ल्यानंतर गावातले उंदीर जास्त प्रसन्न दिसू लागले असं काही जण म्हणत, पण ते व्हर्लिनसमोर नाही.

त्या वर्षी जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी पडली, आणि व्हर्लिनने टेबलाशी जाहीर केलं की अंगणातला बर्फ रस्त्याकडे उडवणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

“बर्फ भिंतीला लावा,” तो म्हणाला. “पायापासून थेट खिडकीपर्यंत. घराला गोधडी होते ती. माझे आजोबा शेतावर हेच करायचे.”

“असंही करता येतं म्हणा,” ऑरिन क्वाले म्हणाला. ऑरिन गावाच्या धान्याच्या कोठारावर होता आणि फार बोलत नसे.

“वेगळंच आहे,” असं म्हणाला लोवेल न्यूगार्ड. तो ऑरिनपेक्षाही कमी बोलायचा.

आजोबांच्या घरात लाकडाची चूल होती आणि तिचा धूर धुराड्यातून वर जायचा, हा तपशील त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही, किंवा आला असला तरी कोणी बोललं नाही. एवढी दाद मिळाल्यावर व्हर्लिनने तोच सल्ला रविवारी चर्चच्या तळघरातल्या कॉफीलाही दिला. तिथे त्याच्या चौथीच्या वर्गशिक्षिका स्लेटनबाई होत्या. त्यांनी तर दोनदा विचारून खात्री करून घेतली, “खिडकीच्या खालपर्यंत की वरपर्यंत?”

“खालपर्यंत, बाई,” व्हर्लिन म्हणाला, आणि नकळत ताठ उभा राहिला.

सोमवारी त्याने स्वतःच्या घराला गोधडी घातली. बर्फ उडवायचं यंत्र भिंतीकडे वळवलं आणि दिवसभर खपून अशी काही पाळ उभी केली की घर बर्फात रुतलेल्या बोटीसारखं दिसू लागलं. गुरुवारी सकाळी घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली.

आर्डिस, म्हणजे व्हर्लिनची बायको, कोट, टोपी आणि हातमोजे घालून स्वयंपाकघरात पॅनकेक उलटत होती.

“व्हर्लिन, दुपारी चर्चच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आपल्याकडे यायच्यात. सुई हातमोजे घालून धरता येत नाही. मी डॅरेलला बोलावते.”

डॅरेल ओपडाल हा गावातला भट्टी दुरुस्त करणारा. त्याच्या गाडीच्या अंगावर एक भली मोठी केशरी ज्वाळा रंगवलेली होती आणि ती ज्वाळा हसत होती. ती गाडी ज्याच्या दारात उभी राही, त्याच्या घरी काय झालंय हे गावाला न विचारता कळे.

“डॅरेलची गाडी? आपल्या दारात?” व्हर्लिन म्हणाला. “त्यापेक्षा शववाहिका उभी कर. अगं, मी उद्या त्या खुर्चीत कोणत्या तोंडाने बसू?”

“याच तोंडाने बसशील. दुसरं आहे कुठे तुझ्याकडे?”

“मला बघू तरी दे.”

त्याने बघितलं. हवा गाळायची जाळी बदलली. खोलीतल्या तापमानाच्या डबीला आर्डिसच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा दिली, म्हणजे तिला जरा आठवेल. भट्टीच्या पोटावर लाकडी डावाने दोन थापा मारल्या, कारण हा सल्ला तो लोकांना हमखास देत असे. भट्टी एकदा गुरगुरली, तिने खट् केलं आणि गप्प झाली.

“माझा डाव धुऊन ठेव,” वरून आर्डिस म्हणाली.

“मी दुकानात जाऊन येतो. तोवर डॅरेलला फोन करायचा नाही हं.”

“बरं,” आर्डिस म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या ‘बरं’चा अर्थ व्हर्लिनला कळायला हवा होता.

दुकानात तो आपल्या खुर्चीत बसला, कोट मात्र काढला नाही. जरा वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग तो कपात बघत म्हणाला, “माझ्या एका ओळखीच्याची भट्टी बंद पडलीय. पलीकडच्या गावातला आहे. तुम्ही नाही ओळखत.”

ऑरिनने लोवेलकडे बघितलं, लोवेलने खिळ्यांकडे. इथे नव्या भट्ट्यांना धुराडं नसतं; भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे पाइप बाहेर काढलेले असतात. एकातून भट्टी श्वास घेते, दुसऱ्यातून सोडते. थंडीत त्या सोडलेल्या श्वासाची पांढरी वाफ घरोघरी दिसते. सकाळी कामावर येताना गावातल्या प्रत्येकाने टोस्ट्रूडांच्या घरावरून गाडी नेली होती, आणि वाफ दिसली नाही हे प्रत्येकाने पाहिलं होतं.

“अरेरे,” लोवेल म्हणाला. “वाईट वाटलं ऐकून. त्या ओळखीच्याबद्दल.”

“त्याने बाहेरून एक चक्कर मारून बघावी,” ऑरिन अगदी जपून म्हणाला. “पाइपबिप. कधी कधी बर्फ... म्हणजे, असतो ना बर्फ.”

“पाइपाचा काही संबंध नाही रे,” व्हर्लिन म्हणाला. “आतलंच काहीतरी आहे. ठिणगीचं.”

“असेल, असेल.”

“असूही शकतं,” लोवेल म्हणाला आणि व्हर्लिनच्या कपात कॉफी ओतली. याहून स्पष्ट बोलणं म्हणजे भांडणच झालं असतं.

व्हर्लिन घरी आला तर दारात कोणाचीच गाडी नव्हती. त्याला हायसं वाटलं. मग मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांआड, केशरी ज्वाळा हसताना दिसली.

डॅरेल घराच्या बाजूला गुडघ्यावर बसून हाताने बर्फ उकरत होता. त्याने वर न बघता म्हटलं, “आर्डिस म्हणाली मागे लाव, म्हणून मागे लावली. दुकानाकडून दिसत नाही, मी बघून आलो. घे, हे बघ तुझे पाइप. काय छान पुरलेस रे! प्रेतं पुरतात लोक इतक्या मनापासून.”

बर्फाच्या भिंतीतून दोन पांढरी तोंडं बाहेर आली होती. आतून भट्टीने एक दीर्घ श्वास घेतल्याचा आवाज आला.

“म्हणजे एवढंच होतं?” व्हर्लिन म्हणाला.

“एवढंच. तुझी भट्टी शहाणी आहे, नाकतोंड दाबल्यावर आपणहून बंद पडली. सगळ्या तेवढ्या शहाण्या नसतात.” डॅरेल उठला आणि पहिल्यांदाच हसायचा थांबला. “जुनी, खराब झालेली असली तर चालूच राहते आणि ती हवा घरात उलटते. विषारी. वाससुद्धा येत नाही. हे भिंतीला बर्फ लावायचं डोक्यात भरवलं कोणी तुझ्या?”

व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे दुकानातलं टेबल आलं, चर्चचं तळघर आलं, आणि माना डोलावणारा अख्खा गाव आला. असंही करता येतं म्हणा. सगळे करून बसले असतील. गावातली निम्मी घरं आपल्यामुळे नाकतोंड दाबून झोपायची.

खुर्चीचं काय ते त्याच क्षणी त्याला कळून चुकलं. दारोदार जाऊन ‘मी सांगितलं ते चूक होतं’ म्हणायचं, आणि मग उद्या कोण विचारणार आपल्याला नळाबद्दल? न सांगता बसलं तर खुर्ची राहील. माणसं राहतील की नाही ते सांगता येत नव्हतं.

“फावडं कुठेय?” तो म्हणाला.

फोन करता आला असता. पण असलं काही फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. फावडं घेऊन जाणं त्याला सोपं वाटलं.

लोवेल दुकानातून घरी येऊन जेवायला बसत होता. व्हर्लिनने दार वाजवलं तेच धापा टाकत. “लोवेल, बर्फ काढ भिंतीचा! मी चुकलो. तो ओळखीचा मीच.”

“हो का?” लोवेल म्हणाला. “कल्पनाच नव्हती.”

“पाइप कुठल्या बाजूला आहेत तुझे?”

लोवेल त्याला बाजूला घेऊन गेला. भिंत तळापासून कोरडी होती. पाइपातून वाफ भसाभसा येत होती. अंगणातला सगळा बर्फ रस्त्याकडेला व्यवस्थित रचलेला होता.

“करणार होतो रे,” लोवेल दुखावल्यासारख्या आवाजात म्हणाला. “पाठ धरली.”

ऑरिनकडेही वाफ. “मनात फार होतं,” ऑरिन म्हणाला, “पण फावडं सापडेना.” फावडं त्याच्या हातात होतं. पुढच्या घरी सुनेचं बाळंतपण आलं होतं, त्याच्या पुढच्या घरी कुत्र्याला बर्फ चालत नव्हता. व्हर्लिन गाडी हळूहळू चालवत रस्त्यातूनच बघू लागला. घर, वाफ. घर, वाफ. इतका सुखरूप गाव त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि प्रत्येक वाफेगणिक तो सीटमध्ये थोडा थोडा खाली जात होता.

रस्त्याच्या टोकाला स्लेटनबाईंचं घर होतं. तिथे वाफ नव्हती. भिंतीला बर्फ होता, पायापासून खिडकीच्या बरोब्बर खालपर्यंत, वरची कड पट्टीने आखल्यासारखी.

व्हर्लिनने गाडी बंदसुद्धा केली नाही. तो पळत गेला आणि फावड्याने भिंत फोडायला लागला. आडवा, उभा, जिथे सुचेल तिथे. “बाई! बाई!” तो ओरडत होता आणि पाइप काही सापडत नव्हते. वर बघायचं त्याला सुचलं नाही.

“व्हर्लिन टोस्ट्रूड!”

त्याने फावडं टाकलं आणि टोपी काढली. त्या थंडीत टोपी काढणं म्हणजे कान गमावणं, पण तो आवाज चौथीतला होता.

स्लेटनबाई दारात स्वेटर घालून उभ्या होत्या. गाल लाल, तब्येत ठणठणीत. “काय चाललंय हे?”

“बाई, पाइप. भट्टीचे पाइप बुजलेत तुमचे.”

“माझ्या भट्टीला पाइप नाहीत. ती धुराड्याला जोडलेली आहे, आमचे हे होते तेव्हापासून. वर बघ.”

व्हर्लिनने वर बघितलं. धुराड्यातून धूर सरळ आकाशात चालला होता.

“सोमवारपासून रोज थोडं थोडं रचत होते मी,” बाई म्हणाल्या. “या घरात जानेवारीत पहिल्यांदा माझे पाय गरम राहिलेत. आणि तू येऊन तोडतोस?”

“माझा सल्ला चुकीचा होता, बाई.”

“मला लागू पडला.”

“गावात दुसऱ्या कोणीच केलं नाही. तुम्ही खरंच केलंत?”

“तू सांगितलंस ना? सांगितलेलं करायचं नसेल तर माणसाने विचारावंच कशाला?”

व्हर्लिनने हातातली टोपी एकदा फिरवली. हा प्रश्न गेली कित्येक वर्षं गावात होता, फक्त विचारला आज गेला.

“टोपी घाल,” बाई म्हणाल्या. “आणि होतं तसं लावून दे.”

त्याने लावून दिलं. मधून मधून आतून काचेवर टकटक होई आणि बाई बोटाने दाखवत: डावीकडे ओळ वाकडी आहे. ती चौथीतही वाकडीच असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. खुर्ची रिकामी होती, पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे. कोणी बसलं नव्हतं. तो जपून टेकला. कोणी भट्टीचं नाव काढलं नाही. ऑरिन म्हणाला, थंडी जरा उतरलीय. तशी ती उतरली नव्हती.

मग लोवेलने घसा साफ केला. “व्हर्लिन, आमचं कपडे वाळवायचं यंत्र किंचाळतंय रे. काय करावं?”

“डॅरेलला बोलव,” व्हर्लिन म्हणाला.

दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर केली.

“तब्येत बरी आहे ना?” ऑरिनने विचारलं.

“बरी आहे. मला यातलं काही कळत नाही. डॅरेलला बोलवा.”

लोवेल अस्वस्थ झाला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “अरे, पण असं कसं? मग आपण इथे बसून करायचं काय?”

ऑरिन कपाकडे बघत राहिला. घड्याळाचा आवाज येऊ लागला. व्हर्लिनने जमेल तितका वेळ तग धरला.

“पट्टा कोरडा पडला असेल,” तो शेवटी म्हणाला. “मेणबत्ती घासून बघ.”

लोवेलने सुटकेचा निःश्वास सोडला, खुर्चीत मागे रेलला आणि लांब, पेंटच्या डब्यांच्या पलीकडे कुठेतरी बघितलं.

“असंही करता येतं म्हणा.”

व्हर्लिनने ते वाक्य पहिल्यांदाच नीट ऐकलं. “म्हणजे डॅरेलला बोलावणार तू.”

“कालच बोलावलंय,” लोवेल म्हणाला आणि त्याच्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ.