बॅटरी खाली झाली

मित्रांनो, माझं वय अवघं साडेपाच वर्षं. या वयाची मुलं अजून शाळेच्या फाटकाशी रडतात, आणि मला मात्र सगळे जुनी गाडी म्हणतात. म्हणोत बापडे. मी विजेवर चालणारी पांढरी मोटार आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते. कोणी टायरला लाथ मारून "वा, छान ठेवलीय" म्हणालं की माझ्या मनात पहिलं येतं, हा भाव पाडायला आलाय.

जन्मतः मी अशी नव्हते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तयार झाले. माझ्या पोटाखाली, अगदी तळाशी, सतरंजीसारखी सपाट बॅटरी बसवली गेली. एकाने वाकून बघितलं आणि दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "खाली नीट बसली रे." मग मांडवात एक मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. आता पेट्रोलचे दिवस संपले, म्हणाले, आणि बॅटरीची आठ वर्षांची हमी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या. एवढी मी तेव्हा भोळी होते.

मला काशीच्या ईशानीने घेतलं. तिचा नवरा यज्ञेश दुर्गाघाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी करतो. त्या यात्रेकरूंना स्टेशनवरून, विमानतळावरून आणायचं काम ईशानीचं. दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं, तिथे माझं काय काम? म्हणून माझा मुक्काम गंगेपलीकडे, रामनगरला. तिथल्या रत्नाकरकाकांचं अंगण मोठं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, त्यांनी भिंतीत माझ्यासाठी वीज भरायचा प्लग बसवून दिला. ईशानी पहाटे दुर्गाघाटावरून पलीकडे यायची आणि मला घेऊन निघायची.

पहिली तीन वर्षं काय थाट होता माझा. नाशिकच्या, वाईच्या आज्या मागच्या सीटवर बसायच्या आणि म्हणायच्या, "अगबाई, आवाजच नाही गं." ईशानीची मान ताठ व्हायची. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवायची. कधी वीज भरली, कुठे गेलो, कुठे खरचटलं, सगळं त्यात लिहायची. एवढं खरं लिहिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग एक दिवस माझ्यासारखीच नवी गाडी स्वस्त झाली. मला चौदा लाखांना घेतलं होतं, ती बाराला मिळू लागली. सहा महिन्यांनी अकराला. जुन्या गाड्यांचा एक दलाल अंगणात आला, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ज्या शांतपणाचं सगळे कौतुक करायचे त्यावरच बोट ठेवलं. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन कान लावून ऐकता येतं, म्हणाला, धूर बघता येतो. हिच्या पोटात काय चाललंय ते कोणाला कळणार? सव्वादोन लाख देतो. त्या दिवसापासून मी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे डोळे वटारून बघायला लागले. दिवे म्हणा हवं तर.

ईशानी मला विकायला का काढत होती, ते आता सांगते. तिचे सासरे वेणीमाधव, त्यांना सगळे नाना म्हणतात. जन्मभर वेद शिकवलेला माणूस. त्यांचे गुडघे गेले आणि घर चौथ्या मजल्यावर. अकरा महिने नाना घराबाहेर पडले नव्हते. गंगा खिडकीतून दिसते, पण नुसती दिसते. रत्नाकरकाका आता मुलीकडे राहायला जाणार होते आणि त्यांच्या तळमजल्याच्या दोन खोल्या, अंगणासकट, भाड्याने द्यायच्या होत्या. तीन लाख आगाऊ हवे होते. नानांना जमेल असा संडास बांधायला आणखी पन्नास हजार. दुसरा एक भाडेकरू पैसे घेऊन तयारच होता. काकांनी ईशानीला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

तेव्हा आला निनाद. हा साताऱ्याचा, बँकेत बदली होऊन काशीला आलेला, आणि बँकेत काम कशाचं तर गाड्यांच्या कर्जाचं. चष्मा पुसत पुसत बोलायचा. मला हा माणूस पहिल्या क्षणापासून आवडला नाही.

"वहिनी, सरळ सांगतो," तो म्हणाला. "कंपनीने बँकांकडून बक्कळ कर्ज काढून कारखाना उभारला. वाटलं होतं तेवढ्या गाड्या खपल्या नाहीत. व्याज काही थांबत नाही. मग रोख पैसा यावा म्हणून नव्या गाड्या स्वस्तात काढतात. नवी स्वस्त झाली की जुनीला कोण विचारतो?"

"पण बॅटरीची हमी आहे ना आठ वर्षांची? अजून अडीच बाकी आहेत," ईशानी म्हणाली.

"कंपनी राहिली तर हमी."

ऐकलंत? माझ्याच अंगणात उभा राहून माझ्या आईबापांबद्दल असं बोलत होता. आणि खोटं बोलतोय म्हणावं तर तसंही वाटेना. मांडवातल्या त्या साहेबांचं भाषण मला आठवलं आणि पहिल्यांदा त्यांचाही संशय आला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा कारखान्याच्या भिंतीसुद्धा उसन्या पैशांच्या होत्या, हे त्यांनी कुठे सांगितलं होतं?

तरी निनादने चार लाख कबूल केले. ईशानीचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. साडेतीन लाख खोल्यांना, आणि उरलेल्या पन्नास हजारांत जुनी बॅटरीची रिक्षा घेऊन यात्रेकरूंचं काम चालू ठेवायचं, असा तिचा हिशेब होता. ती चहा आणायला आत गेली. एवढ्यात निनादने कप्पा उघडला, वही काढली आणि चाळू लागला. एका पानावर थांबला. दोनदा वाचलं. मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, वही होती तशी ठेवली, आणि चहा न घेताच "घरी विचारून कळवतो" म्हणून निघून गेला.

चार दिवस त्याचा फोन नाही. ईशानी रोज मला पुसायची, उगीचच. मी आपली मनात म्हणत होते, हा पंधरा-वीस हजार पाडायचा डाव आहे. पाचव्या दिवशी तिनेच फोन लावला. माझ्या बोनेटला टेकून, आवाज मोठा करून, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, तुम्ही असं लपवाल वाटलं नव्हतं," निनाद म्हणाला.

"मी काय लपवलं?"

"गाडीची बॅटरी खाली आली होती, ते."

"बॅटरी खाली झाली होती, एकदाच. ते तर मी स्वतः लिहिलंय वहीत. त्यात लपवण्यासारखं काय?"

"पुलावर खाली आली आणि तीन माणसांनी ढकलून काढली, असं लिहिलंय. आणि मला म्हणालात, गाडीला काही झालेलं नाही."

"बिलकुल नाही झालं. खाली झाली, आम्ही ढकलली, घरी आणून भरली."

"भरली? पडलेली बॅटरी परत भरली? कोणत्या मिस्त्रीने?"

मित्रांनो, दोघंही मराठीत बोलत होती, दोघंही खरं बोलत होती, आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटत होता. मला कळत होतं. माझी पहिली मराठी पुण्याची, दुसरी काशीची. पण मला हॉर्नखेरीज वाचा नाही आणि तो वाजवायलाही कोणाचा तरी हात लागतो.

झालं होतं एवढंच. दोन वर्षांपूर्वी जूनच्या उन्हात पुलावर वाहनं अडकून पडली. मागे एक आजारी आजोबा होते म्हणून ईशानीने गार हवा चालू ठेवली आणि माझ्यातली वीज संपली. काशीतली आपली मराठी माणसं हिंदीसारखं रिकाम्याला खालीच म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या. साताऱ्याच्या निनादला वाटलं, तळाची बॅटरी सुटून पुलावर पडली.

शेवटी रत्नाकरकाका घरातून बाहेर आले. नोकरीत त्यांची वीस वर्षं भुसावळला गेली होती. त्यांनी फोन हातात घेतला. "अहो निनादराव, खाली मतलब रिकामी. आमच्याकडे बॅटरी खाली होते. तुमच्याकडे काय होते?"

मग निनाद म्हणाला, "आमच्याकडे उतरते. उतरली म्हणा ना मग, काका."

"उतरली म्हणजे तरी खालीच आली ना?" ईशानी म्हणाली. काका हसले, ती हसली नाही. चार दिवस एक माणूस आपल्याला चोर समजत होता, हे तिला लागलं होतं.

निनाद दुसऱ्या दिवशी आला. मला गॅरेजात नेऊन वर उचललं आणि विजेरी घेऊन माझा तळ इंचाइंचाने तपासला. एक ओरखडा सापडला नाही. त्याने मान खाली घालून ईशानीची माफी मागितली. मी जरा विरघळणार होते, इतक्यात तो पुढचं बोलला.

"पण वहिनी, मधल्या चार दिवसांत कंपनीने पुन्हा भाव उतरवले. नवी साडेदहाला आली. आता साडेतीनच्या वर मला परवडणार नाही."

हा डाव होता का खरी अडचण, ते मला आजही ठाऊक नाही. भाव उतरले होते हे खरं, काकांनी मोबाइलवर बघितलं. पण ते चार दिवस कोणामुळे गेले? ईशानीने वाद घातला नाही. "नानांना खाली आणायचंय," एवढंच म्हणाली, आणि सही केली. रिक्षाचा बेत तिथेच संपला.

किल्ली शनिवारी चार वाजता द्यायची ठरली. शनिवारी सकाळी यज्ञेशने आणि शेजारच्या दोघांनी नानांना खुर्चीवर बसवून चार मजले आणि सगळ्या गल्ल्या पार करून सडकेपर्यंत आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, जणू लग्नाला निघालेत. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पुलावर त्यांनी काच उतरवायला सांगितली आणि नदीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आता गाडी दारातच असेल, नाही का?" ते म्हणाले.

ईशानीने आरसा नीट केला.

"मग रोज सकाळी मला नदीवर नेत जा, सूनबाई. पायऱ्या नकोत, नुसतं काठापर्यंत. पाणी हाताला लागलं तरी पुरे."

"नेईन, नाना."

"रोज?"

"रोज," ईशानी म्हणाली आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली.

साडेपाच वर्षांत ती माझ्यात बसून एवढं एकदाच खोटं बोलली. मी, जी सगळ्या जगावर संशय घेते, ती मुकाट्याने चालत राहिले. पुलावर मी एकही धक्का बसू दिला नाही.

आता मी निनादच्या बँकेच्या वसाहतीत असते. तो माझ्यात वेळेवर वीज भरतो, वाईट वागवत नाही, तरी मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जुनी गाडी घ्याल तेव्हा खुशाल संशय घ्या, तळाशी वाकून बघा, कंपनीचं कर्जही विचारा. पण समोरच्या माणसाला तोंडावर विचारा, चार दिवस मनात ठेवू नका. तुमच्या चार दिवसांत दुसऱ्याचं काय काय जातं ते तुम्हाला दिसत नाही.

आणि एक काम करा. कधी सकाळी रामनगरला गेलात आणि तुमच्याबरोबर कसलीही गाडी असली, विजेची, पेट्रोलची, कसलीही, तर मोठ्या अंगणाचं घर विचारा. दारात टोपी घालून एक म्हातारे गृहस्थ तयार होऊन बसलेले असतील. त्यांना काठापर्यंत घेऊन जा. कोण, कुठले, ते विचारतील. ईशानीने गाडी पाठवलीय, असं सांगा.