चौदा महिन्यांची वही

लाइनमनने कागद टेबलावर सरळ केला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. "इथे. सही झाली की टेकडीकडचे खांब आमच्या यादीतून गेले म्हणून समजा. पुन्हा लाइन हवी म्हणालात तर वर्ष-दीड वर्ष धरून चाला. मग आमच्या नावाने खडे फोडू नका."

"नकोच आहे लाइन," मास्तर म्हणाले. सही छोटूने करायची होती, पण उत्तर मास्तरांनी देऊन टाकलं. मास्तरांचं असंच असे.

छोटू म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, मास्तरीणबाईंचा, धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला होता, तरी घरात शेवटचा म्हणून छोटूच राहिला होता. वीस वर्षं त्याने दगड कापायच्या कारखान्यात काढली आणि त्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली. आता नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र, दिवसातले अठरा तास. तो राहत होता टेकडीवर, एकटा. तिकडचा रस्ता रुंद व्हायचा होता, जुने खांब निघणार होते, आणि नवे हवेत की नकोत हे त्याने आज सांगायचं होतं. यंत्र आत्ताही बाजूच्या स्टुलावर घरघरत होतं, मास्तरांच्याच बॅटऱ्यांवर.

मास्तर शाळेच्या कार्यशाळेत तीस वर्षं मुलांना करवत आणि सोल्डरिंग शिकवत आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा मोर्चा स्वतःच्या घराकडे वळवला. छपरावर काळे रंगवलेले पिंप, त्यातून अंघोळीचं गरम पाणी. अंगणात आरशांची पेटी, त्यात दुपारपर्यंत शिजणारी डाळ. जुन्या सायकलला जोडलेलं दळायचं यंत्र, ज्यावर पीठ कमी आणि घाम जास्त निघायचा. आणि मागच्या खोलीत, छपरावरच्या सौर पॅनेलांना जोडलेल्या, ट्रकमधून काढून टाकलेल्या आठ बॅटऱ्या, ज्यांना मास्तरांनी धुऊन, पुसून, नवं पाणी पाजून माणसात आणलं होतं. एवढं झाल्यावर त्यांनी विजेचं मीटर काढून दिलं. लोक बघायला यायचे. मास्तर एकेक वस्तू दाखवायचे आणि शेवटी वही काढायचे. वहीत चौदा महिन्यांच्या रोजच्या नोंदी होत्या, संध्याकाळी सहाच्या, एकही दिवस न चुकवता.

त्या वहीतला एकही आकडा खरा नव्हता. हे फक्त दोघींना माहीत होतं, मास्तरीणबाईंना आणि भिंतीपलीकडच्या बेकरीवालीला.

मीटर गेल्यावर पंधरवड्यातच बॅटऱ्यांनी मान टाकली होती. रात्री आठला दिवे पिवळे व्हायचे. मास्तर दिवसभर काचेची नळी घेऊन बॅटऱ्यांपुढे बसायचे, आतला काटा किती वर तरंगतो ते बघायचे. बॅटरी भरलेली असली की काटा साडेबाराशेच्या आसपास यायला हवा, आणि तो तळाला. त्यांनी दाढी करणं सोडलं, बोलणं सोडलं, ताटावरून दोन घासांत उठायला लागले. शेवटी बाईंनी गॅरेजमधून एक जुना चार्जर आणला, बेकरीवालीला कामाचे एप्रन शिवून द्यायचं कबूल केलं, आणि मोरीच्या भोकातून तिच्याकडची वायर आत घेतली. मास्तर दोन ते पाच वाचनालयात असत. तेवढ्यात चार्जर लावायचा, पाचला काढून पिठाच्या डब्यामागे लपवायचा.

पहिल्या दिवशी सहाला मास्तरांनी नळी घातली आणि काटा वर आला. "बाराशे पन्नास," ते म्हणाले. "अगं, उठल्या ह्या." त्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली. त्यानंतर खरं सांगायची वेळ रोजच यायची आणि रोजच बाई ती पुढे ढकलायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी छोटूने ती वही पाहिली आणि टेकडीवर लाइन सोडून बॅटऱ्याच घ्यायचं ठरवलं, तिथून बाईंची झोप उडाली.

"ढगाळ दिवसांत काय करायचं त्याने?" बाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता," मास्तर खुशीत म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "हे बघ छोटू. सलग अकरा दिवस सूर्य नाही. नोंद बघ. बाराशे वीसच्या खाली एकदाही नाही. तुझ्याकडे तर मी बारा बॅटऱ्या बसवणार आहे."

त्या अकरा दिवसांत बाईंनी सकाळीही चार्जर लावला होता, मास्तर छपरावर पॅनेल पुसत होते तेव्हा.

"तरी पण खांब असू देत ना," त्या म्हणाल्या. "नुसते असू देत. वापरायचे नाहीत."

"अगं, वापरायचे नाहीत तर ठेवायचे कशाला? महिन्यातले दहा दिवस तिकडे वीज नसतेच. त्या लाइनच्या भरवशावर मागच्या वर्षी हा दोनदा हॉस्पिटलात गेला." मास्तरांना खरंच छोटूची काळजी होती, वाईट तेच होतं. "माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचार. ही रोज या घरात राहते."

छोटूने बहिणीकडे पाहिलं. बोलण्याआधी तो नेहमी दोन श्वास साठवून घ्यायचा. "भावजींच्या वहीतलं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "ताई, तू सांग. तू हो म्हणालीस की मी डोळे झाकून सही करतो."

"बाई, लवकर सांगा," लाइनमन म्हणाला. "मला अजून तीन घरं आहेत."

बाईंना वाटलं, अजूनही काहीतरी सुचेल. भोवळ आल्याचं सोंग करावं, कागदावर चहा सांडावा. पण कागद काय, दुसरा आला असता. छोटूने पेन उचललं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पिठाचा डबा सरकवला आणि चार्जर आणून टेबलावर वहीशेजारी ठेवला.

"हा मी लावत होते," त्या म्हणाल्या. "बेकरीतल्या विजेवर. रोज. छोटू, सही करू नकोस."

लाइनमनने तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मास्तरांनी चार्जर हातात घेतला, उलटा केला, मागची पट्टी वाचली. आता ओरडतील, असं बाईंना वाटलं. त्यांना ते चाललं असतं.

"किती तास?" मास्तरांनी विचारलं.

"दोन ते पाच."

"कधीपासून?"

"वहीच्या आदल्या दिवसापासून."

"आणि ते अकरा दिवस?"

"तेव्हा सकाळीही. दीड-दोन तास."

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि वहीच्या समासात वजाबाकी मांडली, शाळेत मुलांपुढे मांडायचे तशी, ओळीखाली ओळ. मध्ये एकदा थांबून चार्जरवरचा आकडा पुन्हा बघितला. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"चौथा दिवस," ते छोटूला म्हणाले. "ढगाळ हवेचा चौथा दिवस, पहाटे चारच्या सुमारास. तेव्हा तुझं यंत्र बंद पडलं असतं. बारा बॅटऱ्या धरूनसुद्धा."

छोटूचा हात नळीकडे गेला आणि तिथेच राहिला. "ताई, तीन आठवडे झाले हे ठरून," तो म्हणाला. "तू आज सांगतेस?"

तुझं मन आपोआप बदलेल अशी आशा होती, हे बाई त्याला काय सांगणार? त्यांनी सहीचा कागद त्याच्यापुढून काढून घेतला.

"खांब लावा," मास्तर लाइनमनला म्हणाले. "दुसरा कागद असेल तो द्या." छोटूने त्यावर सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. लाइनमन चहा अर्धाच टाकून निघून गेला.

दार लागल्यावर मास्तर बोलले. "म्हणजे माझ्या बॅटऱ्या कधी उठल्याच नव्हत्या."

"नाही."

"गल्लीतल्या सगळ्यांना मी हीच वही दाखवली. तू चहा आणून द्यायचीस आणि बाजूला उभी राहायचीस." त्यांनी चार्जरची वायर नीट गुंडाळली, गाठ मारली. "एक विचारतो, खरं सांग. छोटूचं हे निघालं नसतं, तर मला कधी सांगणार होतीस?"

खोटं अगदी ओठांवर तयार होतं. लवकरच सांगणार होते, म्हटलं असतं तर त्यांनी मानलंही असतं, कारण त्यांना ते मानायचं होतं. बाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. ते वाट बघत होते.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी हळूच मान हलवली. मग उठून त्यांनी आपली खुर्ची बाईंच्या बाजूने उचलून टेबलाच्या पलीकडे, छोटूच्या बाजूला नेऊन ठेवली, आणि तिथे बसून ते यंत्राच्या दिव्याकडे बघत राहिले.